खिशातली कोथिंबीर

कोथिंबीर आल्हादच्या खिशात होती.

मी आधी कोथिंबीरच पाहिली. अधारतालच्या बाजारात, रस्त्याला लागून बसणाऱ्या भाजीवाल्यांच्या रांगेत मी मटार निवडत होतो. शेजारी उभ्या बाईने पिशवी पुढे केली आणि भाजीवाल्याने वरची, फुकटची म्हणून कोथिंबिरीची काडी आणि मिरच्या तिच्या पिशवीच्या बाहेरच्या खिशात खोचल्या. निळी चौकडी. खिशाच्या खाली, डाव्या अंगाला, पिवळ्या दोऱ्याचं बोटाच्या पेराएवढं पान. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. पोरगा जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं आणि त्याचा शर्ट माझ्यासमोर उभा होता, पोटात बटाटे भरून.

"क्यों बड्डे, लेना है कि मटर से बातें करना है? शहपुरा का माल है, मीठा," भाजीवाला म्हणाला. शहपुऱ्याचं नाव घेऊ नको, असं मी त्याला सांगणार होतो. पण त्याला काय ठाऊक. शहपुऱ्याला एका लग्नात स्पीकर लावून आल्हाद परत येत होता, बायपासवर डंपर आला. तो डंपर कोण चालवत होता हे अजून कुणालाच माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगणार नाहीत. मटार मात्र रोज तिकडूनच येतात, त्याच रस्त्याने, सकाळी सकाळी, ताजे. लोक खातात. मीही खातो. मी शेंगा ढिगावर टाकल्या आणि त्या बाईच्या मागे चालू लागलो.

ते पान म्हणजे काय होतं ते मी सांगतो, कारण जगात ते सांगू शकणारे दोनच लोक उरले आहेत. आल्हाद स्पीकर, अँप्लिफायर, मिक्सर, जे मिळेल ते उघडून बसायचा. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग. विनता ओरडायची, तो म्हणायचा, "मम्मी, बस दो मिनट." एकदा सोल्डरचा गरम थेंब शर्टावर पडला, आरपार भोक. नवा शर्ट, सदर बाजारातून घेतलेला. विनताने रफू करायला घेतला तर घरात निळा दोरा नाही. माझी विनता दुकानात जाऊन दोरा आणणाऱ्यातली नाही, जे हाताला लागलं त्याने शिवणारी. पिवळा लागला. रफू करता करता ते भोक वाकडं होत गेलं, मग तिने त्याला देठ काढला, एक शीर काढली, आणि झालं पान. पोराने पाहिलं आणि म्हणाला, "अरे, ये तो डिझायनर हो गया!" मराठी त्याला सगळी कळायची, बोलायचा मात्र हिंदी, आम्ही मराठीत रागवायचो, तो हिंदीत हसायचा. त्यानंतर तो शर्ट धुवायला मिळेना. खिशात कायम टेस्टर, लाल मुठीचा. वाकला की पडायचा, पडला की उचलायचा. आता त्या जागी कोथिंबीर होती.

बाई पुढे गेली. साडी, वर स्वेटर, पायात पोरींचे असतात तसे पांढरे बूट, चाल दणदणीत. मेथीवाल्याकडे थांबली, घासाघीस केली, मेथी आत. पुढे फुलकोबी. कोबी आत गेली आणि शर्टाची छाती फुगली. मी पाहत होतो. खांदे नव्हते, खांदे कापून टाकले होते. बाह्यांचे पट्टे केले होते, आणि ती बाई त्याला दोन्ही बाह्यांना धरून बाजारातून नेत होती. मी त्याला असाच नेलेला आहे, ह्याच रस्त्यावरून, दसऱ्याच्या गर्दीत, हात सुटू नये म्हणून बाही मुठीत धरून. तेव्हा तो मागे वळून वळून फुगेवाल्याकडे पाहायचा. पिशवी कुठे पाहते?

कापला कुणी, तेही सांगतो. आमच्यात माणूस गेल्यावर तेराव्यानंतर त्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. इथले लोक नदीवर, ग्वारीघाटावर नेतात, कुणी गरिबाला देतो, कुणी मैयात सोडतो. विनताने कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही. आणि झोपणं सोडलं. झोप गेली म्हणजे गेलीच. डॉक्टरच्या गोळ्यांनी ती नुसती जड व्हायची, डोळे उघडेच. पंख्याकडे पाहत पडून राहायची आणि मी तिच्याकडे. भिंतीचा रंग उडावा तशी ती उडत चालली होती. मग शेजारणीने तिला हरितमनमध्ये नेलं.

हरितमन म्हणजे पुढे किराणा आणि मागे मनःशांती. पुढच्या भागात लाकडी पेट्यांत डाळी, तांदूळ, ज्वारी, गूळ. घरून डबा न्यायचा, ते आधी रिकामा डबा तोलतात, मग भरलेला. पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, मागितली तर असं पाहतात जसं काही तुम्ही कुणाच्या बापाचा खून केला आहे. मागच्या भागात गाद्या, मेणबत्त्या, तेल-मालिश, श्वासाचे वर्ग आणि काठीने वाजवायची पितळी वाटी. चालवणारी यामिनी, आडनाव आपलंच, मराठी, पण बोलणं सगळं हिंदी आणि त्यात एनर्जी, रिलीज, हीलिंग. असल्या भाषेला जोड्याने मारावं अशा मताचा मी माणूस आहे. दुःखाला नवं नाव दिलं की ते विकता येतं, एवढंच त्या भाषेत आहे. पण विनताची अट होती: किराणा आता तिथूनच आणायचा. म्हणून मी स्कूटरला स्टीलचे डबे लटकवून, सबंध रस्ताभर खणखण वाजवत तिथे जायचो. लोक म्हणायचे, काका दूध घालायला लागले की काय.

यामिनी एकदा तिला म्हणाली, माझ्यासमोर म्हणाली, "आंटी, मैया में मत डालना. कपड़ा गलता नहीं, मछलियों का दम घोंटता है. हमें दे दो. थैली बनेगी, किसी के काम आएगी, पन्नी बचेगी. और आप भी खुल जाओगी." मला वाटलं विनता तिच्या थोबाडीत देईल. विनताने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. ते सगळे शर्ट तिने तिथे नेले. मागच्या खोलीत बायका गोल करून बसल्या, दार लागलं, मी पुढे ज्वारीच्या पेटीशेजारी स्टुलावर. आधी ती वाटी वाजली. बराच वेळ तिचा आवाज दातात भरून राहिला. मग शांत. मग कात्री. कापड कापताना कात्रीचा आवाज कसा असतो हे मला माहीत होतं, पण कॉलर आली की ती अडते हे त्या दिवशी कळलं. अडायची, कुणी तरी जोर लावायचं, आणि कटकन पुढे जायची. प्रत्येक शर्टाला ते कटकन. दुकानातली पोरगी मला विचारत होती, "अंकल, ग्रीन टी?"

विनता बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतल्यासारखं दिसत होतं. घरी आली, वरणभात जेवली आणि झोपली. खरोखर झोपली, घोरली. मी बाजूला बसून तिचं घोरणं ऐकलं आणि मला इतका राग आला की काय सांगू. सगळं थोतांड असतं तर किती बरं झालं असतं! जन्मभर मी फॅक्टरीत तपासनीस होतो. मापाची दोन गेज हातात: एक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाही तर लाल पट्टा मारून बाजूला. तोफेच्या सुट्या भागाला तेवढं पुरतं. इथे माझ्या पोराच्या कॉलरी कापून माझी बायको झोपली होती, आणि ह्याच्यावर लाल पट्टा मारायचा की नाही ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मला कुणी विचारलं नाही की नीलकंठराव, एखादा तुमच्यासाठी ठेवू का. आणि मी मागितला नाही. मागितला असता तर ती पुन्हा जागी झाली असती, असं मला वाटत होतं. तिची झोप म्हणजे काचेचं भांडं. मी घरात चालायचोसुद्धा हळू.

आणि तरी, झोपली म्हणून ती बरी झाली असं नाही. वेगळीच झाली. हल्ली बाजारात ती स्वतः जायची. सकाळी निघायची ती उन्हं चढल्यावर यायची, आणायची काय तर एक पालकाची जुडी. मी विचारलं की म्हणायची, "भाव पाहून राहिली होती." आज गुडघा धरला म्हणून मला पाठवलं, तेही कोपऱ्यावरचा ठेला सोडून. "अधारतालला जा. मोठ्या रांगेत. सगळीकडे पाहून घ्या." मटार ते मटार, त्यात काय पाहायचं, असं मी मनात म्हणत आलो होतो.

बाई टमाटरवाल्यापाशी गर्रकन वळली.

"क्या है जी? कब से पीछे-पीछे चल रहे हो?"

लोक पाहायला लागले. मी पासष्टीचा माणूस, हातात रिकामा झोला, तोंडातून निघालं ते मराठीच. "पिशवी."

"अगं बाई, मराठी!" तिने कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसली. "काहो, असं काहून मागे मागे फिरून राहिले? मला वाटलं चेन ओढणारा आहे. मग म्हटलं, ह्या वयात हा पळणार कसा? मीच पकडीन ह्याला."

"पिशवी छान आहे," मी म्हटलं.

"आहेच मुळी. वाण आहे हे. मंडळाच्या हळदीकुंकवाचं. अहो, दरवर्षी प्लास्टिकची डबी नाही तर चाळणी. घरात चाळण्याच चाळण्या, चाळायचं काय? यंदा आमची राजश्री म्हणाली, पर्यावरणाचं काही तरी देऊ. त्या हरितमनमधून थैल्याच उचलून आणल्या तिने. तुम्ही मंडळात नाही दिसले कधी? मी प्रमोदिनी, फॅक्टरीवाल्यांच्या चाळीत राहायची आधी."

मी काही तरी उत्तर दिलं असेन. मला ऐकू येत होतं ते फक्त वाण. यंदा आम्ही संक्रांत केली नाही, वर्ष झालेलं नाही ना, विनता हळदीकुंकवाला गेली नाही. आणि तिकडे मंडळाच्या हॉलमध्ये, गावातल्या झाडून साऱ्या मराठी सवाष्णींना, कपाळाला कुंकू लावून, ओटीत तीळगुळाबरोबर माझ्या मेलेल्या पोराचे शर्ट वाटले गेले होते. बिनलग्नाच्या, डंपरखाली गेलेल्या पोराचे. कुणाला माहीत नव्हतं. राजश्रीला नव्हतं, यामिनीला वाणाचं कसलं सोयरसुतक. बायकांनी एकमेकींच्या पिशव्या पाहिल्या असतील, ह्याचा रंग बरा, त्याचा बरा.

एक शब्द पुरला असता. बाई, हा मेलेल्या माणसाचा शर्ट आहे. एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मला रस्त्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं. तिने तिथल्या तिथे पिशवी सोडली असती, बटाटे-मटार रस्त्यावर गडगडले असते. घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं असतं आणि ओले केस पुसायच्या आधी राजश्रीला फोन. संध्याकाळपर्यंत साऱ्या मंडळात. साऱ्या पिशव्या नाल्यात. आणि मग बायका आमच्या दारात, कुणाचे कपडे हे, कुणी दिले, सवाष्णींना हे असलं वाटायला लाज कशी नाही वाटली. माझ्या विनताला विचारणार. ती पुन्हा पंख्याकडे पाहत पडणार. हे एकीकडे. दुसरीकडे, तो शर्ट माझ्या पायाशी पडलेला असता, रिकामा, नको असलेला. मी उचलला असता. कुणी अडवलं नसतं. मला तो हवा होता. इतकं काही हवंसं मला आयुष्यात वाटलेलं नाही, आणि मी काही संत नाही.

"मला द्याल का ही?" मी म्हटलं. "बायकोसाठी. ह्याच्या बदली मी दुसरी नवी घेऊन देतो, तुम्ही म्हणाल ती."

"अरे बाप्पा! वाण असं देतात का कुणी?" ती पुन्हा हसली, मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "नाही हो, म्हणजे दिली असती, पण ही नाही. हे पाहा ना." तिने पिशवी उचलून माझ्या डोळ्यासमोर धरली आणि अंगठा त्या पानावर ठेवला. "हे पान. बाकी एकीच्याही पिशवीवर नाही, मी सगळ्या पाहिल्या. राजश्री मला लाल फुलांची देत होती, मी भांडून ही घेतली. मशीनचं नाही हे, हाताचं आहे. कोण्या बाईनं बसून काढलं असेल, किती जीव लावला असेल. असं काम आता कोण करतं?"

ते रफू आहे. ते भोक आहे. खाली सोल्डर पडला होता. वाक्य तयार होतं, जिभेवर, कडू, गोळीसारखं. ती अंगठा त्या पानावरून फिरवत होती. विनताचा दोरा. जगातल्या तिसऱ्या माणसाला त्या पानाबद्दल काही तरी कळलेलं होतं, आणि जे कळलं होतं त्यात खोट काढता येत नव्हती.

"धरा जरा," ती म्हणाली, "गाडी काढते. ह्या लोकांनी पाहा कशी अडकवून ठेवली."

तिने बाह्या माझ्या हातात दिल्या आणि गाड्यांच्या गर्दीत घुसली.

जड होता. बटाटे, मटार, कोबी, सगळं मिळून जे काही होतं ते, जड. हात खाली ओढला गेला आणि मी दुसरा हात बुडाखाली लावला. तिरडीला चार खांदे असतात. त्या दिवशी माझ्या वाट्याला त्याचा चौथा हिस्सा आला होता, तोही लोक म्हणाले काका तुम्ही राहू द्या, आणि पुढच्या चौकात दुसऱ्याने घेतला. आज सबंध माझ्या हातात होता. मी त्याला छातीशी घेतलं. मागून टमाटरवाला ओरडत होता, रस्त्याने बस गेली, धूळ आली. कापडाला कोथिंबिरीचा वास येत होता, मातीचा येत होता, दुसरा कुठलाच नाही. मी नाक लावून शोधला. नाही. खिशात बोट घातलं. टेस्टरच्या टोकाने घासून घासून खिशाच्या कोपऱ्यात एक बारीक भोक पडलं होतं, ते होतं. ते कुणी शिवलं नव्हतं. बोटाचं टोक त्यातून बाहेर आलं आणि मला माझंच नख दिसलं. पळून गेलो असतो तर? पासष्टीचा माणूस बाईची भाजी घेऊन पळाला. पकडलं असतं, मारलं असतं, मार खाल्ला असता. पण मार खाताना सांगावं लागलं असतं.

स्कूटी पुढ्यात येऊन थांबली. मी पिशवी दिली. मीच दिली, माझ्या हाताने. तिने ती हँडलखालच्या हुकाला अडकवली. तो तिथे लटकला, थोडा हलला.

"बरं काका, येते. हसले म्हणून राग मानू नका. आणि बायकोला घेऊन या हो पुढच्या संक्रांतीला."

"सांगतो तिला," मी म्हटलं.

ती गेली. निळी चौकडी दिसत होती तोवर मी पाहत होतो, मग मधे ट्रक आला. मी परत जाऊन मटार घेतले. भाजीवाला म्हणाला, "आ गए? सोच लिया?" कोथिंबीर त्याने मागितल्याशिवाय टाकली.

घरी विनता ओसरीत गुडघ्याला तेल चोळत बसली होती. मी झोला तिच्यासमोर ठेवला आणि आत जायला निघालो, तोंड दिसू नये म्हणून. पाणी प्यायचं निमित्त करणार होतो.

"कोणता दिसला?" ती म्हणाली.

मी थांबलो.

"विचारून राहिली मी. कोणता दिसला आज?"

तिचे हात गुडघ्यावर चालूच होते. वर पाहिलं नाही. पालकाची जुडी, उन्हं चढेपर्यंतचे ते बाजार, मोठ्या रांगेत जा, सगळीकडे पाहून घ्या. मी पायरीवर बसलो.

"निळ्या चौकडीचा," मी म्हटलं.

आता तिचे हात थांबले. "तो मला एकदाही दिसला नव्हता." मग म्हणाली, "पान आहे?"

"आहे. शाबूत आहे. त्या बाईला फार आवडतं. भांडून घेतली म्हणाली."

"तुम्ही बोलले तिच्याशी?" तिने झटकन माझा हात धरला, तेलकट हाताने, दुखेल इतका. "काही सांगितलं तर नाही ना? नीट सांगा. वाण म्हणून वाटल्या त्या, मला माहीत आहे. बोलले असाल तर टाकून देईल ती. एकीनं टाकली की सगळ्या टाकतील."

"नाही बोललो."

तिने हात सोडला. माझ्या मनगटावर तेलाचे ठसे राहिले. मग तिने झोला जवळ ओढला, शेंगा परातीत ओतल्या आणि सोलायला लागली.

"पांढऱ्या रेघांचा रेल्वेवाल्यांच्या एका बाईकडे आहे," ती म्हणाली. "ती नुसता पाव आणते त्यात. हलका असतो. ह्याच्यात काय होतं?"

"बटाटे. मटार, मेथी. मोठी कोबी. जड होता." तेवढ्याने भागेना म्हणून मी पुढे सांगितलं, "खिशात कोथिंबीर होती."

"कोथिंबीर?" तिची बोटं शेंगेत अडकली. "त्याच्या?"

पोह्यातून, वरणातून, जिथे असेल तिथून तो कोथिंबिरीचं पान न् पान वेचून ताटाच्या कडेला लावायचा. इतका वेळ ते मला आठवलंच नव्हतं.

विनताने झोल्यातली आमची कोथिंबीर बाहेर काढली, मुळं झटकली, आणि काय करावं ते न कळून तशीच हातात धरून बसून राहिली.